दवंडी पिटल्याचा पंचनामा

"हलगी गळ्यात अडकवून बोली लावायलाय का रे?"

आबा असं म्हणाले आणि चावडीपुढं हशा पिकला. आबा म्हणजे आमचे सरपंच. ग्रामसेवकाच्या टेबलावर मी पुरचुंडी ठेवली होती, अनामतीची. आबांनी काठीच्या टोकानं ती ढकलली. गाठ सुटली. नाणी धुळीत पांगली, लोकांच्या पायांत गेली. कुणी पाय उचलला नाही. मी गुडघ्यावर बसून एकेकाच्या वहाणेपुढं हात घातला आणि ती वेचली.

मांगवाड्यातल्या बायांचे पैसे होते ते. माझ्या मायचेही होते त्यात.

हर्रास, म्हणजे लिलाव, होता गायरानातल्या चिंचांचा. दरवर्षी ग्रामपंचायत झाडं हर्रासात द्यायची आणि दरवर्षी ती आबांच्या मेव्हण्याकडं जायची. चिंचा झोडपायच्या आमच्या माणसांनी, फोडायच्या आमच्या बायांनी, आंबटानं बोटं भेगाळायची त्यांची. गाडी मात्र मेव्हण्याची भरायची, मानवतच्या बाजाराला. त्या वर्षी माय म्हणाली, "आपुनच घिऊ की रं झाडं. कायदा सगळ्यायला एकच हाय ना?"

वाड्यात दहावी झालेला मी एकटा. मीच छाती फुगवून सांगितलं होतं, हाय म्हणून.

आणि हलगी माझ्याच गळ्यात. आमच्या घराचं कामच ते. हर्रासाआधी गल्लोगल्ली दवंडी द्यायची, हर्रासात बोली तुटताना टिपरू हाणायचं. एक वार, दोन वार, तीन वार. गावाचं सगळं आमच्या हलगीवर विकलं गेलं, पण हलगीवाल्यानं कधी बोली लावली नव्हती.

"वाजव," आबा म्हणाले. "मेव्हण्याची बोली झाली. तीन वार कर."

सांगायला लाज वाटते, पण सांगतो. मी वाजवलं. खिशात मातीनं भरलेली नाणी, आणि मी वाजवलं. विद्यापीठाच्या नामांतराचं नुसतं नाव निघालं तरी तेव्हा मुलखात आमच्यासारख्यांची घरं पेटायची. वालूरकडून येताना एकदा काळ्या पडलेल्या भिंती मी बघितल्या होत्या. भ्यालो. थू तुझ्या जिनगानीवर, असं स्वतःलाच म्हणत होतो आणि हात चालूच होता.

दुपारी ग्रामसेवक मांगवाड्याच्या तोंडाशी येऊन उभा राहिला. आत यायचा नाही तो. कागद आणि शाईची डबी पुढं करून माझ्या बापाला म्हणाला, "म्हातारबा, अंगठा मार. नेहमीचंच हाय."

बानं सवयीनं अंगठा शाईत बुडवला. वर्षानुवर्षं असाच बुडवत आला होता. काय लिहिलंय ते कधी कुणी वाचून दाखवलं नव्हतं, आणि खरं तर मीही कधी मागितलं नव्हतं. त्या दिवशी कागद ओढून घेतला आणि मोठ्यानं वाचला.

"हर्रासापूर्वी तीन दिवस संपूर्ण गावात दवंडी देऊन जाहीर केले, असे मी सत्य लिहून देतो."

सत्य! आदल्या सांजेला आबांनी आम्हाला बोलावून सांगितलं होतं, सकाळी माझ्या दारापुढं चार टिपरू हाणा, बास झालं. तेवढंच आम्ही केलं होतं. मेंढरं राखणाऱ्या धनगरआळीला पत्ता नाही, मळ्यातल्या लहान शेतकऱ्यांना पत्ता नाही. मग बोलीला येणार कोण?

तिथंच माझ्या डोक्यात लख्ख झालं. ज्या अंगठ्याचा गावाला विटाळ होता, त्या अंगठ्याबिगर आबांचा हर्रास तालुक्याला मंजूर होत नव्हता.

"दवंडी झाली न्हाई," मी म्हणालो. "अंगठा मिळायचा न्हाई."

"लय शाना झालास का? म्हातारबा, पोराला समजाव. गावात ऱ्हायचंय ना?"

बा कागदाकडं सरकला. "लेकरा, लावू दे. आपली घरं गवताची हायत रं."

तेवढ्यात माय झोपडीतून बाहेर आली. तिच्या हातात ती नाणी होती, धुऊन घेतलेली.

"पुसा तो अंगठा," ती बाला म्हणाली.

बानं माझ्याकडं बघितलं. मग धोतराला अंगठा पुसला. घासून घासून पुसला.

"बरं," ग्रामसेवक कागदाची घडी घालत म्हणाला. "अंगठ्याला काय तोटा हाय? कुणाचाबी लावू."

खरंच होतं ते. कागदावर कुणाचाही अंगठा उठवता आला असता. पण गावानं दवंडी ऐकली नाही, हे गावाला ठाऊक होतं. फक्त कुणी बोलत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दिवस उगवायला मी हलगी शेकून ताणून घेतली आणि निघालो. धनगरआळी, मारुतीचा पार, मळ्याची वाट. एक गल्ली सोडली नाही.

"ऐका हो ऐका! चिंचांचा हर्रास दवंडीबिगर झाला हो! कागदावर खोटं लिहिलंय हो! ज्याला बोली लावायचीय त्यानं माझ्यासंगं तालुक्याला अर्जावर सही करायला यावं हो!"

धनगरआळीतला एक म्हातारा घोंगडी झटकत उठला आणि माझ्यामागं चालायला लागला.

आबांच्या दारापुढं आलो. ते ओट्यावर आले. काठी हातात होती.

"बंद कर ती हलगी."

 

"आबा, तुमच्या सांगण्यावरनं वाजवायचं काल संपलं," मी म्हणालो. "फेर हर्रास लागेस्तोवर मी रोज ह्या दारापुढं येणार. घर जाळलं तर राखंत उभा राहून वाजवीन."

आणि टिपरू हाणलं, कालच्यापेक्षा जोरात.