एकाच कप्प्याची गाडी

माझी आत्या शिवणकाम करते. चार मजली इमारतीच्या तळमजल्यावर तिच्या दोन खोल्या आहेत. बाहेरच्या खोलीत मशीन, आतल्या खोलीत ती. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, आणि कोणाचं मिंधं व्हायचं नाही हा हट्ट लग्नाच्या आधीपासूनचा. इमारतीतले लोक तिला माघारी ‘कात्री’ म्हणतात. तिला ते ठाऊक आहे. “म्हणू देत. बोथट तर म्हणत नाहीत ना,” एवढंच ती बोलते.

तिच्याकडे चिंधीसुद्धा वाया जात नाही. मोठ्या तुकड्यांच्या पिशव्या, लहान तुकड्यांची पायपुसणी, आणि अगदीच बारीक कतरण उशीच्या पोटात. त्यामुळे ओला आणि सुका कचरा वेगळा द्यायचा असा हुकूम निघाला, तेव्हा सगळ्यांत खूश झाली ती आत्याच. सोसायटीच्या सेक्रेटरींनी, म्हणजे बँकेतून निवृत्त झालेल्या तिसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांनी, अंगणात भाषण ठोकलं आणि घरटी दोन बादल्या वाटल्या. त्या बादल्यांत काय टाकायचं हे मात्र दारोदार फिरून आत्यानेच समजावलं.

दुसऱ्या मजल्यावर एक नर्स राहते. ड्युटीवरून येऊन तिने चपलाही काढल्या नव्हत्या, तोच आत्या दारात हजर.

“दुधाच्या पिशव्या धुऊन टाकत जा गं.”

“काकू, दिवसभर लोकांच्या जखमा धुऊन आलेय. आता पिशव्याही धुवू?”

“धू. जखमेपेक्षा सोप्या आहेत.”

नर्स चिडली, पण धुवायला लागली.

पाच महिने असे गेले. मी तेव्हा नोकरीच्या शोधात आत्याकडेच राहत होते. एका सकाळी आम्ही दोघी फाटकापाशी उभ्या असताना गाडी आली. गाडीवाल्याने ओल्याची बादली उपडी केली आणि तिच्यावरच सुक्याची.

“अहो, हे काय करताय?” आत्या ओरडली.

“कचरा भरतोय, मावशी.”

“आम्ही घरात वेगळा करायचा आणि तुम्ही दारात एक करायचा?”

गाडीवाला चांगला माणूस होता. त्याने मागची फळी पाडली. “या, बघा. कप्पा एकच आहे. मी काय आत भिंत बांधू?”

आत्या खरंच वर चढली, आत डोकावली आणि खाली उतरून मला म्हणाली, “स्कूटर काढ.”

आम्ही त्या गाडीमागे गावाबाहेरच्या डेपोपर्यंत गेलो. तिथे सगळं एका ढिगावर ओतलं गेलं. सडक्या भाज्यांत लखलखीत धुतलेल्या दुधाच्या पिशव्या रुतत होत्या. 

दुसऱ्या दिवशी दोन भरलेल्या बादल्या घेऊन आम्ही कचरा खात्याच्या कार्यालयात गेलो. अधिकारी म्हणाले, “लोकच वेगळा करत नाहीत हो. मग दोन कप्प्यांच्या गाड्या कशाला?” आत्याने दोन्ही बादल्या त्यांच्या टेबलावर ठेवल्या.

“आजी, हे काय?”

“आजी तुमच्या घरची. घाला हात, आणि यात मिसळलेलं एक तरी काढून दाखवा.”

त्यांनी हात घातला नाही. अर्ज करायला सांगितलं. अर्ज केला, आणि तो तिथेच झोपला.

तेव्हा आत्याने फाटकात उभं राहून जाहीर केलं, “आजपासून या गाडीत आपल्या इमारतीचा कचरा जाणार नाही.” सुका कचरा दर आठवड्याला नेण्याचं भंगारवाल्याने कबूल केलं. ओल्यासाठी तिने भोकं पाडलेले तीन ड्रम सायकली ठेवायच्या जागेशेजारी मांडले. खत करणार म्हणे.

सेक्रेटरींचा पारा चढला. “तुम्हाला हा अधिकार कोणी दिला?”

“बादल्या वाटताना भाषण कोणी केलं होतं?”

पण पहिल्या पंधरा दिवसांत तिची चांगलीच फजिती झाली. ड्रममधून पाणी गळायला लागलं. वास जिन्याने वर चढला. नर्स नाक दाबून खाली आली. “काकू, माझ्या खिडकीखाली अळ्या वळवळतायत!” ‘आठ दिवसांत ड्रम हटवा’ अशी नोटीस आली. खाली तेवीस सह्या होत्या आणि त्यांत नर्सचीही होती. ती सही मात्र आत्याला लागली. त्या संध्याकाळी तिने मशीन लवकर झाकून ठेवलं. मग म्हणाली, “चूक झालीय माझी. शेणासारखा लगदा केलाय मी. पण म्हणून हटणार नाही.”

सकाळी ती सुताराकडून लाकडाचा भुसा घेऊन आली. नाकाला फडकं बांधून तिन्ही ड्रम रिकामे केले आणि कोपरापर्यंत हात घालून सगळ्यात भुसा आणि वाळका पाला कालवला. मी मदतीला गेले आणि दोनदा ओकले. तिने मला बाजूला बसवलं आणि एकटीने काम पुरं केलं.

आठव्या दिवशी सेक्रेटरी दोन मजूर घेऊन आले. आत्या मधल्या ड्रमच्या झाकणावर चढून बसली.

“उचला. माझ्यासकट उचला.”

मजूर एकमेकांकडे बघायला लागले. एवढ्यात नर्स जिना उतरून आली.

“साहेब, आधी वास तर घ्या. चार दिवस झाले, मी खिडकी उघडी ठेवून झोपतेय.”

आत्या उतरली. सेक्रेटरींनी लांबूनच मान पुढे केली, मग आणखी थोडी पुढे केली. “मातीसारखा येतोय,” ते कसेबसे म्हणाले.

“मग माझी सही खोडा,” नर्स म्हणाली.

मजूर रिकाम्या हातांनी परत गेले.

पुढे शेजारच्या इमारतीने गाडी नाकारली, मग पलीकडच्या दोन इमारतींनी. गाडी आमच्या रस्त्यावरून अर्धी रिकामी परतायला लागली, तेव्हा कुठे तो झोपलेला अर्ज जागा झाला. सात महिन्यांनी दोन कप्प्यांची गाडी आली, मागोमाग अधिकारीही आले. आभाराची वाट बघत ते जरा थांबले. आत्याने मानले नाहीत. मग ते म्हणाले, “आता हे ड्रम काढून टाका. गाडी ओलाही नेईल.”

“गाडीने सुका न्यावा. ओला आता आमचा आहे,” आत्या म्हणाली. आणि त्या वेळी तिच्या मागे सेक्रेटरी उभे होते, हाताची घडी घालून.

आत्या आता चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. गुडघे दुखतात, म्हणून ड्रम ढवळायचं काम नर्सने घेतलंय. समोरच्या मोकळ्या जागेवर नव्वद घरांची नवी इमारत उठली आहे आणि तिच्या नकाशात कचऱ्यासाठी हातभरही जागा नाही. आत्या विचारायला गेली, तर बिल्डरच्या माणसाने तिला फाटकातून आत घेतलं नाही. परवापासून ती त्या फाटकाबाहेर खुर्ची टाकून बसली आहे. मांडीवर कोणाच्या तरी शर्टाची कॉलर, आणि येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला एकच प्रश्न: “घर घेताय? कचरा कुठे ठेवणार, विचारलंत का?”

काल दोघं जण तो प्रश्न विचारायला आत गेले.