आधी पाणी

परीक्षानळीत पांढरा साका बसला की कुणालाही आनंद होतो. आमच्या केमिस्ट्रीच्या सरांच्या कपाळाला मात्र आठी पडायची. आपण नळी उंचावून "सर, क्लोराइड आलं" म्हणत धावत जावं, तर सर चष्मा वर सरकवून विचारणार, "आधी पाणी पाह्यलं काय?" म्हणजे ज्या पाण्यात मीठ विरघळवलं, त्या नुसत्या पाण्यात तेच ॲसिड आणि तोच सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकून पाहिला का? नसेल, तर मुकाट्यानं जागेवर परत. त्यांचं खरं नाव हजेरीपटापुरतं उरलं होतं. एरवी ते आधीपाणी सर.

वरवर पाहता हे खूळ वाटेल, पण आमच्या झरी जामणीकडे ते गरजेचं होतं. चुनखडीचा मुलूख. बोअरच्या पाण्यानं चहाच्या गंजाला, म्हणजे पातेल्याला, आतून पांढरा थर धरतो आणि साबण फेस देता देता थकतो. त्या पाण्यानं नळी धुतली तर साखरेतसुद्धा क्लोराइड सापडावं. बारावीच्या प्रॅक्टिकलला प्रत्येकाला चिमूटभर अनोळखी मीठ मिळायचं आणि ते कशाकशाचं बनलंय ते शोधून काढायचं असायचं. सर म्हणायचे, "मीठ खोटं बोलत नाही. पाणी मधात बोलते, अन् आपण ऐकतो मिठाचं समजून."

सर मूळचे नेरचे. घरात वकील आणि कारकून यांची रेलचेल. असा माणूस आमच्या जंगलपट्टीत कायले आला, हे कोडं गावाला कधी सुटलं नाही, आणि सरांनी ते सोडवायला मदतही केली नाही. त्यांचं हे आधी पाणी प्रयोगशाळेबाहेरही चालायचं. एकदा स्टाफरूममध्ये एक शिक्षक वैतागून म्हणाले, तांड्यावरच्या पोरांच्या डोक्यात काही शिरतच नाही. सरांनी शांतपणे विचारलं, "तुमचा प्रश्न समजला का, ते पाह्यलं काय आधी?" मग स्वतः वर्गात येऊन तोच प्रश्न त्यांनी साध्या बोलीत विचारला, आणि निम्म्या वर्गानं हात वर केले. त्यात माझाही हात होता. मी तांड्यावरचीच.

आमच्या परीक्षेआधी काही पालक सरांकडे गेले. इतर ठिकाणी म्हणे मिठाची नावं पोरांना आधीच कानात सांगतात, मग इथंच हा कडकपणा काहून? त्या घोळक्यात माझा बा पुढे होता. तो आडपडदा न ठेवता म्हणाला, "सर, पोट्टी नापास झाली तं मी तिले पुढं शिकवणार नाही. तुमच्या हातात हाय."

"माह्या हातात नाही," सर म्हणाले. "तिच्या हातात हाय. अन् तो हात मी तयार केला हाय, जरा भरोसा ठेवा."

मला सरांचा भयंकर राग आला. ह्यांच्या तत्त्वापायी माझं शिक्षण पणाला लागलं होतं, आणि हे भरोसा ठेवा म्हणून मोकळे.

परीक्षेच्या दिवशी बाहेरून आलेले परीक्षक चेहऱ्यावरूनच कडक होते. सकाळी सरांनी सगळ्यांदेखत डिस्टिल्ड वॉटरचा कॅन तपासला. पाणी स्वच्छ होतं. मग पुन्हा कोण तपासतो? पोरं भराभर कामाला लागली. माझी मात्र भीतीनं बोबडी वळली होती. काही म्हणता काही सुचेना, तेव्हा हातांना जे पाठ होतं ते हातांनीच करून टाकलं. नुसतं पाणी घेतलं, ॲसिड घातलं, सिल्व्हर नायट्रेटचा थेंब सोडला.

नळीत दह्यासारखा पांढरा साका.

आजूबाजूला सगळे खुशीत क्लोराइड लिहीत होते. मी उभी राहिले. "सर, पाण्यातच क्लोराइड हाय."

"कारणं नकोत, पेपर लिही," परीक्षक म्हणाले.

"कारण नाही सर. पाह्यून घ्या तुम्हीच."

आधीपाणी सर जवळ आले. त्यांनी माझी नळी उजेडाकडे धरली आणि त्यांचा चेहरा उतरला. परीक्षकांकडे वळून ते म्हणाले, "सकाळी मीच तपासलं होतं. नंतर तपासलं नाही. चूक माही हाय, पोरीची नाही." परीक्षकांनी स्वतःच्या हातानं थेंब टाकून पाहिला आणि काम थांबवलं. पोरांना पाणी कमी पडू नये म्हणून कुणीतरी मधल्या वेळात कॅनमध्ये बोअरचं पाणी भरलं होतं. हेतू चांगला होता, त्यामुळे रागवायचीही सोय नव्हती.

आता डिस्टिल्ड वॉटर आणायचं कुठून? सरांनी स्कूटरला किक मारली आणि मुकुटबनच्या स्टँडजवळचं बॅटरीचं दुकान गाठलं. बॅटरीत घालतात ते पाणीही डिस्टिल्डच. पायाशी बाटल्या दाबून ते परत आले, तेव्हा घामानं शर्ट पाठीला चिकटला होता. परीक्षक म्हणाले, "चला, सुरू करा." सरांनी हात वर केला. काही बोलायची गरजच नव्हती. अख्खी प्रयोगशाळा एका सुरात म्हणाली, "आधी पाणी."

सरांनी बाटली माझ्या हातात दिली. "तू पाह्य."

एक थेंब सोडला. काही नाही. आणखी एक सोडला. नळी जशीच्या तशी नितळ. सगळे माझ्या हाताकडे बघत होते आणि नळीत काहीच घडत नव्हतं. मग कुणीतरी टाळी वाजवली आणि सगळ्यांनीच वाजवल्या. परीक्षकांनीही. काहीच न घडल्याबद्दल एवढ्या टाळ्या पडलेल्या मी पुन्हा कधी पाहिल्या नाहीत.

नव्या पाण्यात माझ्या मिठानं क्लोराइडचं नावही काढलं नाही. नळीच्या कडेनं ॲसिड सोडलं तशी मधोमध तपकिरी कडी उभी राहिली. नायट्रेट. आमची सगळी बॅच पास झाली, आणि कुणाच्याही कानात कुणी काही सांगितलेलं नव्हतं. निकालाच्या संध्याकाळी बा सरांच्या दारात गेला. गेल्या खेपेसारखाच तो थेट बोलला, "सर, आता पोट्टीले पुढं शिकाले कुठं धाडू?" सरांनी त्याला आत घेऊन चहा पाजला. हा प्रसंग बा अजून सांगतो, आणि दर वेळी त्यात चहाचे कप वाढत जातात.

आज मी पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. हातपंपांचं, विहिरींचं पाणी येतं, त्यात काय विरघळलंय ते सांगणं हे माझं काम. निवृत्त होऊन नेरला परतलेले सर मागे एकदा अचानक दारात उभे राहिले. हातात बाटली. "माह्या विहिरीचं पाणी. तपासून दे."

मी त्यांना स्टूल दिलं, नळ्या मांडल्या, सवयीनं आधी आमचंच डिस्टिल्ड वॉटर घेतलं आणि थेंब सोडला. नळी नितळ राहिली. मग त्यांच्या बाटलीकडे हात नेला, तर सर उठून चपला घालत होते.

"अहो सर, रिपोर्ट?"

"विहिरीचं काय घेऊन बसली? मले जे पाहाचं होतं ते पाह्यलं."

ते इतक्या खुशीत जिना उतरले, की मी त्यांना थांबवायचंही विसरले. त्यांची बाटली मी नंतर तपासली. पाणी उत्तम होतं.