सरकीचा माणूस

नेमसिंग राठोडचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. टाळेबंदीच्या त्या वर्षी नेरच्या जिनिंगवर कापसाच्या गाड्या रात्रीच येऊन रांगेत लागत. फाटक उघडताना जो हमाल हजर, त्याला आधी काम. नेमसिंग चहा न घेता निघायचा. तोंडाला बायकोच्या जुन्या ओढणीचं फडकं. सरकीची पोती पाठीवर घेऊन फळीवरून ट्रकात चढायचं, पोतं टाकायचं, परत यायचं. दिवस उजाडेपर्यंत भुवया तुसानं पांढऱ्या झालेल्या असत.

तो मुळात हमाल नव्हता. सांगलीकडे पवनचक्क्यांच्या मनोऱ्यांवर चढून दुरुस्ती करायचा. मार्चमध्ये सणासाठी घरी आला आणि अडकला. जुलैत त्याचं सुरक्षा प्रशिक्षणाचं कार्ड संपलं. हे कार्ड दर दोन वर्षांनी नवं करावं लागतं. नसेल तर कोणी शिडीला हातही लावू देत नाही. ठेकेदाराचा फोन दर महिन्याला यायचा, "कार्ड झालं का?" कार्ड होणार कुठून? लेखी भाग मोबाईलवर उरकला होता. पण वर लटकलेल्या माणसाला खाली कसं आणायचं, हे हातानंच करून दाखवावं लागतं, आणि प्रशिक्षण केंद्रं बंद होती.

दिवाळीनंतर यवतमाळजवळ लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतलं केंद्र उघडलं. मी जन्मभर खलाशी म्हणून, म्हणजे जड यंत्रं चढवायला-उतरवायला, दोर-कप्पीवर काम केलं. त्या केंद्रातले दोर तपासायला मला बोलावत, म्हणून पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं.

जीशान नावाचा तरुण तिथला प्रशिक्षक. कडक, पण माणूस चांगला. त्यानं नवे नियम बसवले होते. एका तुकडीत चारच माणसं. मास्क वरही काढायचा नाही. अंगाला बांधून लटकायचा पट्टा प्रत्येकाचा वेगळा, आणि वापरलेला पट्टा तीन दिवस खुंटीला टांगून ठेवायचा. त्याच्यावर फवारा मारायचा नाही, कारण औषधानं पट्ट्याचा धागा कमजोर होतो. शिकणाऱ्यांनी एकमेकांना धरून सराव करायचा नाही. आधी सुटकेच्या सरावाला जिवंत जोडीदार लटकायचा. आता फक्त पुतळा.

पुतळ्याचीही गंमत झाली होती. केंद्र बंद असताना उंदरांनी तो पोखरून ठेवला. नवा मागवायला वेळ नव्हता. चौकीदारानं कातडं शिवून घेतलं, पायांत रेती भरली आणि पोटात व छातीत शेजारच्या जिनिंगची सरकी. काट्यावर वजन बरोबर माणसाएवढं भरलं. डोक्यावर हेल्मेट घातलं.

पहिल्या तुकडीत नेमसिंग होता. मुकुटबनचा सुनीलही होता. सुनील चेष्टेखोर. पुतळा बघून म्हणाला, "सर, याचं पोट तं माह्यापेक्षा बरं आहे. लाकडाऊन याले मानवला!"

"हसून घ्या," जीशान म्हणाला. "वर गेल्यावर हसायचं नाही."

नेमसिंगला हसू येत नव्हतं. ठेकेदाराची गाडी शनिवारी निघणार होती. कार्ड असेल तर जागा, नाहीतर दुसरा माणूस तयार होता. पुढच्या तुकड्या फेब्रुवारीपर्यंत भरलेल्या.

शिडी तो छान चढला. मी नीट पाहिलं. पाय आधी, हात मागून. हातानं अंग ओढत चढणारा माणूस लवकर थकतो. इतके महिने पोती वाहून पाय उलट घट्ट झाले होते. वर पोचून त्यानं स्वतःला अडकवलं, कप्पी लावली, तिथं टांगलेल्या पुतळ्याचा पट्टा तिला जोडला. सगळं चटचट. मग पुतळ्याच्या पाठीत हात घालून त्याला जवळ ओढलं आणि तिथेच घोटाळा झाला.

नाकात सरकीचा वास गेला असणार. त्याचे खांदे बदलले. हमाल पोत्याखाली जातो तसे वाकले. एक हिसका देऊन त्यानं पुतळा शिडीपासून सोडवला आणि दोर सोडला. पुतळा एकटाच भर्रकन खाली आला. हेल्मेट शिडीच्या लोखंडावर आपटलं, मग पुन्हा आपटलं, आणि पुतळा खालच्या गादीवर धप्पकन पडला.

जीशाननं वॉकीटॉकी तोंडाशी धरली. "नेमसिंगभाऊ, खाली या. तुमचा माणूस मेला."

नेमसिंग खाली आला. मास्क घामानं तोंडाला चिकटला होता. "टाइमात तं आणला ना सर?"

"टाइमात आणला. मेलेला आणला."



नियमानुसार आणखी एक संधी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी. वापरलेले पट्टे तीन दिवस खुंटीवरच राहणार होते. एकच कोरा उरला होता. तेव्हाही चुकलं तर फेब्रुवारी.

परत जाताना मी त्याच्या गाडीवर मागे होतो. माझं घर त्याच्या घराला लागून. त्याच्या बायकोनं, शेवंतानं, अंगणात दोन खुर्च्या लांब लांब मांडल्या आणि चहा आणला. आमचे चेहरे पाहून विचारलं, "झालं का?"

"नाही झालं," नेमसिंग म्हणाला. "पुतळा आपटला."

"आपटला? काहून आपटला?"

"हातानं आपटला. मले समजलंच नाही. पोतं वाटलं."

शेवंता कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "असं कसं पोतं वाटलं? त्या जागी माहा भाऊ प्रेम असता तं? त्यालेही असाच हाणला असता?"

"तुहा भाऊ असता तं आधी बोंबलला असता. बोंब ऐकून हात थांबला असता. पुतळा काही बोलत नाही."

"तं तुमी बोला ना! तसेही घरात आल्यापासून मुके झाले. जिनिंगवरून येता, जेवता, लुडकता. माह्यासंग बोलल्याले महिना झाला असन."

नेमसिंगनं कप खाली ठेवला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "काका, हे बरोबर बोलून राह्यली. पोतं घेऊन आमी बोलतच नाही. बोललं का दम जाते."

मी त्याला एकच गोष्ट सांगितली, दोर सोडायच्या आधी डावा हात पुतळ्याच्या मानेमागे गेलाच पाहिजे. त्यानं मान हलवली. पण तो ऐकत होता असं मला वाटलं नाही. ओठ हलत होते.

सकाळी थंडी होती. जीशाननं घड्याळ लावलं. वेळेचं बंधन असतंच, कारण पट्ट्यात लटकलेल्या माणसाचं रक्त पायांत साचतं आणि उशिरानंही तो मरतो. नेमसिंग चढला. कालच्याच चालीनं. पुतळ्यापाशी पोचला आणि कॉलरला लावलेल्या वॉकीटॉकीतून त्याचा आवाज खाली सगळ्यांना ऐकू आला.

"प्रेम, आलो बे. घाबरू नको."

सुनीलनं माझ्याकडे पाहिलं. "कोण प्रेम?"

"त्याचा साळा," मी म्हटलं.

"आता कप्पी लावून राह्यलो. लावली. तुह्या पाठीचा हूक कुठं आहे? हां. थोडा वर उचलतो तुले, हालू नको. लय जड झाला बे तू, बहिणीच्या हातचं खाऊन खाऊन!"

सुनील पोट धरून हसत होता. जीशान घड्याळाकडे बघत होता.

मी हातांकडे बघत होतो. बोलता बोलता हात सावकाश झाले होते. पुतळ्याला बोटभर वर घेतलं, मगच तो शिडीला ज्या दोरीनं टांगला होता ती सोडवली. हिसका नाही. डावा हात मानेमागे गेला.

"डोकं आत घे बे प्रेम, लोखंड आहे. तुले लागलं तं तुह्या बहिणीले काय तोंड दाखवू? मले जेवू देणार नाही ते. चाल आता, खाली चाललो आपण. पाय दुखते? दुखू दे, खाली गेल्यावर दाबून देतो."

दोर एकसारखा सुटत होता आणि दोघं बरोबरच खाली येत होते. मधे एकदा वाऱ्यानं पुतळा फिरला. नेमसिंग थांबला, गुडघा शिडीला लावून त्याला सरळ केलं, "बस बस, धरलं तुले," म्हणाला आणि पुन्हा दोर सोडला. त्या थांबण्यात वेळ गेला. सुनीलचं हसणं बंद झालं. जीशानचा अंगठा घड्याळाच्या खटक्यावर होता.

पुतळ्याचे रेतीचे पाय गादीला टेकले. आधी पाय, मग कंबर, आणि सगळ्यांत शेवटी नेमसिंगच्या तळहातावर टेकलेलं डोकं.

जीशाननं खटका दाबला. आकडा पाहून डोळे मिचकावले. "जरासाच वेळ उरला होता, नेमसिंगभाऊ. तुमच्या साळ्याला माझा सलाम सांगा. वाचला तो."

नेमसिंगनं हात जोडले आणि तिथेच गादीवर बसला. मग खिशातून फोन काढला. पलीकडून शेवंता काय बोलली ते कळलं नाही. तो एवढंच म्हणाला, "व्हय, जिवंत आणला. पेटी भरून ठेव."

शनिवारी तो सांगलीला गेला. तिथं दोन वर्षं सलग राहिला. जिनिंगच्या हमालीत घर चालत होतं, पण पुढे सरकत नव्हतं. मनोऱ्यावरच्या पगारातून घरामागे एक खोली निघाली. खिडकी मोठी, उजेड भरपूर. भिंतीला लागून काळ्या ग्रॅनाइटचा ओटा बसवला, शेवंताच्या उंचीचं माप घेऊन. ती आता उभ्यानं भाकरी थापते.