रोवळीतला गणपती

आम्ही विश्रांतवाडीची माणसं अजूनही पेठांमध्ये जायचं म्हणजे 'गावात' जातो. त्यामुळे आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाने कसब्यातल्या कारागिरांकडे सहल काढली तेव्हा फलकावर 'गावातली कला, निवांत चला' असं लिहिलं होतं. यमक जुळवायची हौस सचिवांची. ते निवृत्त मुख्याध्यापक. आम्हा सगळ्यांना अजून चौथीतच समजतात.

मला जायचं होतं. ह्यांना नव्हतं. त्या वर्षी ह्यांना कुठेच जायचं नव्हतं. हिवाळ्यात अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. पाय बऱ्यापैकी सावरला, पण उजवा हात मांडीवर ठेवला तर मांडीवर, टेबलावर ठेवला तर टेबलावर. नोकरीभर कारखान्यात यंत्रांचे नकाशे काढणारा हात तो. गणपतीचं मखरही त्याच हाताचं. आधी थर्माकोलचं, त्यावर बंदी आल्यावर पुठ्ठ्याचं. महिरपीची नक्षी इतकी नाजूक कापायचे की आरतीला आलेले शेजारी देवाआधी मखराकडे बघत.

आणि आता ह्यांनी जाहीर करून टाकलं होतं, की यंदापासून आपल्याकडे गणपती बसणार नाही. पूजा उजव्या हाताने करायची असते, आणि उजवा हात हा असा. गणपती हडपसरला धाकट्या भावाकडे बसेल. मी म्हटलं, पूजा मी करीन, नाहीतर गुरुजींना बोलवू. तर म्हणाले, "आणि मी भिंतीला टेकून बघत बसू?" मी नुसती चिडले. ह्यांच्यावर, त्या हातावर, आणि हॉलमधल्या त्या कोपऱ्यावरसुद्धा, जो गणपतीत रिकामा राहिलेला मला बघवणार नव्हता.

सहलीला मी ह्यांना जवळजवळ ओढूनच नेलं.

मिनीबसमधून उतरताना प्रत्येकाच्या हातात घडीचं स्टूल. दोन पावलं चालायचं आणि बसायचं, अशी आमची सहल. तांबट आळीत हातोड्यांच्या आवाजात सचिवांची माहिती कोणालाच ऐकू आली नाही, आणि सगळ्यांनाच बरं वाटलं. एका तांब्याच्या हंड्यावर ठोके मारण्याचं काम चाललं होतं. ठोक्याला ठोका लागून रांग पुढे सरकत होती आणि मागे तांबं उजळत होतं. आम्ही बायका पाळीपाळीने त्यावरून हात फिरवत होतो. हे बराच वेळ बघत होते. "रांग सरळ आहे," एवढंच म्हणाले. पण कित्येक दिवसांत ह्यांनी कशालाही चांगलं म्हटलं नव्हतं, म्हणून ते माझ्या लक्षात राहिलं.

बुरूड आळीत मी तांदूळ धुवायला बांबूची रोवळी घेतली. "घरी स्टीलची चाळणी आहे ना?" ह्यांनी विचारलं.

"आहे की. तिला बांबूचा वास येत नाही," मी म्हटलं. ह्यावर सचिव म्हणाले, "वहिनी, वास तिथेच उभं राहून फुकट घेता आला असता." माणसाला पेन्शन मिळते म्हणून काय काहीही बोलावं!

शेवटचा मुक्काम शाडूच्या गणपतींच्या कारखान्यात होता. तिथल्या मूर्तिकार बाईंनी आम्हाला लांब टेबलांशी बसवलं आणि प्रत्येकासमोर पाटावर मातीचा एकेक गोळा ठेवला. ह्यांनी आपला गोळा माझ्याकडे सरकवला. "मी बघतो."

मी दोन्ही गोळे एक करून कामाला लागले. माझ्या हाताला पुरणपोळीची सवय, गणपतीची नाही. पोट छान झालं, ते मला जमतं. पण डोकं बसवलं तर ते खांद्यात गेलं आणि कान चिकटवले ते दोन गाजरांसारखे लोंबायला लागले. हे बघत होते. मला दिसत होतं की ह्यांना ते सहन होत नाहीये. शेवटी राहवलं नाही. "अगं, कान असा असतो का?" म्हणाले, आणि डावा हात पुढे करून कान काढून टाकला. मग दुसरा काढला. मग डोकंच काढलं. मी गुपचूप पाट ह्यांच्यापुढे सरकवला आणि टेबलाखाली स्वतःचाच हात घट्ट धरून बसले, न जाणो आपण काहीतरी बोलायचो.

मूर्ती डगमगायला लागली तेव्हा बाईंनी ह्यांचा उजवा हात उचलून तिच्या पाठीशी टेकवून ठेवला, इतक्या सहज की ह्यांना रागवायला वेळच मिळाला नाही. तो हात नुसता टेकू म्हणून राहिला. डाव्या हाताने कपाळ झालं, डोळे झाले, सुपाएवढे कान झाले. सगळ्यात शेवटी सोंड. ती ह्यांनी जीभ दाताखाली धरून ओढत ओढत वळवली. हे तसे कधी बसतात ते मला माहीत होतं. मखराची महिरप कापताना बसतात. मी उठून हात धुवायला गेले.

परत आले तर टेबलाभोवती गर्दी. सचिव चष्मा वर करून बघत होते. "अहो, हा तर उजव्या सोंडेचा झाला!"

ह्यांना पटेना. "डावीकडेच वळवलीय."

"तुमच्या डावीकडे. देवाची उजवी बाजू ती."

खरंच होतं. डावा हात माती आपल्याकडे ओढत गेला होता आणि सोंड तिकडेच वळली होती. जन्मभर पुढून कसं दिसतं, बाजूने कसं दिसतं याचे नकाशे काढलेला माणूस, पण देव समोर बसला की त्याची बाजू उलटी होते, हे ह्यांच्या ध्यानातच आलं नाही. सगळे हळहळले. उजव्या सोंडेचा गणपती म्हणजे कडक. त्याचं सोवळंओवळं, त्याची पूजा, सगळं काटेकोर लागतं. चुकलेलं चालत नाही. आमच्या घरी कधी आणलेला नव्हता.

"माती ओली आहे अजून, काका," बाई म्हणाल्या. "वळवून देते, दोन मिनिटांचं काम."

ह्यांनी डाव्या हाताचा पंजा सोंडेपुढे धरला. "नको. वळलाय तसा राहू द्या."

गणपती रोवळीत रुमाल घालून बसवला. मी सचिवांकडे एकदा नीट बघून घेतलं. बसमध्ये रोवळी माझ्या मांडीवर होती. येरवडा आल्यावर मी शक्य तितक्या साध्या आवाजात विचारलं, "मग हा हडपसरला केव्हा नेऊन द्यायचा?"

हे खिडकीबाहेर बघत होते. "त्यांना झेपणार नाही," म्हणाले. "कडक आहे."

मी रोवळीवर पदर घातला, ऊन लागत होतं म्हणून.

दुसऱ्या दिवसापासून ह्यांनी व्यायामाचा रबरी चेंडू स्वतःहून मागितला. फिजिओथेरपीच्या मुलीने इतके महिने विनवण्या केल्या होत्या, तेव्हा तिच्याकडे ढुंकून पाहिलं नव्हतं. मग वाटीत तांदूळ घेऊन चिमूट उचलायचा प्रयत्न. तांदूळ सांडायचे, मी केर काढायची, पुन्हा सांडायचे. मखराची नक्षी ह्यांनी डाव्या हाताने काढली आणि मी कापली. ती कशी झाली हे शेजाऱ्यांनी विचारलं नाही, मीही सांगत नाही.

चतुर्थीला सकाळी आम्ही दोघंच पूजेला बसलो. चमत्कार वगैरे काही झाला नव्हता. बोटं थोडी हलत होती, चिमूट धरत नव्हती. पूजेच्या संकल्पाला बायको नवऱ्याच्या उजव्या हाताला हात लावते. दरवर्षी मी बोट टेकवल्यासारखं करायची आणि मनात मोदकांची उकड किती झाली असेल याचा विचार करायची. त्या दिवशी मी ह्यांचा हात माझ्या दोन्ही हातांत घेतला, एकेक बोट सरळ केलं, तळव्यावर अक्षता ठेवल्या, पळीभर पाणी घातलं. ह्यांनी मंत्र पाठ म्हटला, एक अक्षर न चुकता. मग आम्ही दोघांनी मिळून तो हात ताम्हनावर कलता केला.

तळव्याला चार दाणे चिकटून राहिले. मी ते काढायला गेले तर ह्यांची बोटं माझ्या बोटांवर मिटली. हलकीच, पण मिटली. समोर तो मोठ्या कानांचा कडक गणपती बसला होता, आणि उकड गॅसवर लागत होती, आणि आम्ही दोघंही उठलो नाही.