विंचरलेल्या केबली

मेक्सिकोतल्या साल्तियोच्या बिस्किट कारखान्यात एलेउतेरिओ सामारिपाला सगळे मायेस्त्रो, म्हणजे उस्ताद, म्हणायचे. एकतीस वर्षं त्याने केबली बांधल्या, त्याही अशा की पॅनेल उघडावं आणि आत भांग पाडलेला दिसावा. याला तिथे केबल विंचरणं म्हणतात. नव्या माणसाला पहिल्या दिवशी तो हेच शिकवायचा.

आता मात्र मायेस्त्रोचं डोकं चालेना. खोकी भरणाऱ्या यंत्राचा हात सर्वो मोटरवर पुढेमागे पळतो, त्याच्याबरोबर प्लास्टिकच्या पोकळ, वाकत्या साखळीतून नेलेली केबलही पळते. पाच आठवड्यांत तिसरी केबल आतून तुटली होती. इंजिनिअर ब्रिसेइदाबाई सकाळी बजावून गेल्या होत्या, "मायेस्त्रो, शुक्रवारपर्यंत भरवशाची केबल निवडा. नाहीतर देखभालीचं काम बाहेर जाईल, माझ्या हातात काही नाही हो."

टेबलावर केबलींचे चार नवे नमुने पडले होते. एकीचं कवच जाड, दुसरीची जाळी दाट, तिसरी महाग म्हणून चांगली असावी. पण महाग तर तुटून मेलेलीही होती! चारही केबलींच्या कागदावर पन्नास लाख वेळा वाकायची हमी. वाचून वाचून तो पार गोंधळला.

"लग्नाचा झगा निवडतोयस की काय?" त्याच्या हाताखाली काम करणारा, त्याच्या मुलाचा धर्मपिता लेंचो मक्याची भरलेली गोर्दिता खात हसला.

"थट्टा पुरे, कोंपाद्रे. कुणावर भरवसा ठेवू तेच कळेना."

"मग मेलेल्यांना विचार. त्या कशाला खोटं बोलतील?"

चिडूनच एलेउतेरिओने तिन्ही तुटक्या केबली चिरल्या. तिन्ही एकाच जागी तुटल्या होत्या, केबल बांधायच्या प्लास्टिकच्या पट्टीचा वळ होता तिथून बोटभर पुढे. हे कसं? त्याने साखळी उघडली. आत नुकतीच बसवलेली चौथी केबल वीतवीतभर अंतरावर पट्ट्यांनी घट्ट आवळलेली, सुरेख विंचरलेली. तिला वाकायला जागाच नव्हती. ते त्याचेच हात होते. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तो सरळ ब्रिसेइदाबाईंकडे गेला. "आधीचीच केबल मागवा. केबली चांगल्या होत्या, मीच त्यांचा गळा आवळला."

बाईंनी समोरचा कागद बाजूला सारला. "असं वर ऑफिसात येऊन कोण कबूल करतं, मायेस्त्रो? बरं, काम इथेच राहावं म्हणून मालकांशी मी बोलते. पण सगळ्यांना नव्याने शिकवावं लागेल. शिकवाल?"

"मलाच अजून येत नाही, बाई."

खाली लेंचो दुसऱ्या यंत्रापाशी कात्री घेऊन उभा होता. "हिच्या पट्ट्यासुद्धा कापायच्या? ही केबल मी विंचरली तेव्हा तर तू मला शाबासकी दिली होतीस."

"काप," एलेउतेरिओ म्हणाला, आणि त्याने तोंड फिरवलं.