पाणी कोणी पाजलं?

“हात दाखव, पोरी.”

आधी तळवे, मग उलटे करून नखं. नखांत माती दिसली की काका रांजणाकडे बोट करायचे. त्यांच्या लढायांच्या दप्तराला हात लावायचा तर हा नेम सगळ्यांना होता, कचेरीतल्या कारकुनाला आणि मलाही. माझी तर बोटं कायमची पिवळी. अमरावतीत कापूसबाजारामागे आमचा झेंडूचा मळा, आणि कुंपणापलीकडे त्यांचं घर.

काका कापसाचे अडते. समुद्रापलीकडे कुठंतरी लढाई पेटली होती आणि तिच्यापायी वऱ्हाडाच्या कापसाला सोन्याचं मोल आलं होतं. बाकीच्या अडत्यांनी बैलांची शिंगं चांदीनं मढवली. काकांनी जुन्या शिपायांच्या घरचे कागद जमवले. बखरी, पत्रं, किल्ल्यांचे नकाशे, सगळं लाल रुमालांत बांधून माजघरात फळ्यांवर रचलेलं. कोणीही यावं, हात धुवावे, वाचावं. येणारे बहुतेक सुपारी खाऊन जात.

ज्यांच्या घरी कागद नसत अशा म्हाताऱ्या शिपायांना ते ओसरीवर बसवून बोलतं करायचे आणि स्वतः लिहून घ्यायचे. म्हातारा हवेत तलवार फिरवायला लागला की काका बोरू थांबवायचे.

“कोनं जिंकलं ते राहू द्या, बाबा. पानी कोनं पाजलं ते सांगा.”

“त्याचं काय करता?”

“जिंकल्याचं समदेच लिहून ठेवते.”

बाजारात भाव चढल्याची खबर आली की लोक पेढे वाटत. काका मात्र विचारत बसायचे, “तिकडच्या पोरांले पानी कोन पाजत असन?”

मी तेव्हा अकरा वर्षांची. लग्न झालेलं, सासरी जायचं बाकी होतं. अक्षरं काकांनीच शिकवली होती, आणि चार ओळी वाचता आल्याबरोबर मी स्वतःला त्या दप्तराची किल्लेदार समजायला लागले होते. तुम्हीही अशी दीडशहाणी पोर पाहिली असेल. पाहिली नसेल तर माझ्यावरून समजून घ्या.

एकदा अकोल्याहून एक आंधळा शिपाई आला. त्याच्या तुकडीतला तो एकटाच उरला होता. महिनाभर राहून बोलला, काकांनी ओळ न ओळ लिहिली. परत गेला आणि थोड्याच दिवसांत वारला. ते गाठोडं काकांनी सगळ्यांत वरच्या फळीवर ठेवलं. “आता तो यवढाच उरला,” म्हणाले.

पुढे काका दुसऱ्या एका म्हाताऱ्याला आणायला तिवस्याला गेले आणि इकडे अवकाळी पाऊस कोसळला. नेमकी वरच्या फळीवर गळती. किल्लेदार धावल्या. आमच्या घरी नाजूक फळं कापसात गुंडाळून बाजारात नेत. मी तेच केलं. पडवीत कापसाचे बोरे, माझ्याहून उंच पोती, उघड्या तोंडानं उभे होते. एकात ते गाठोडं खोल खुपसलं, वरून कापूस दाबला आणि शाबासकी मनातल्या मनात घेऊन टाकली.

सकाळी फुलं तोडून आले तर पडवी रिकामी. गाड्या भरून गेल्या होत्या.

काका दुपारी आले. मी सांगितलं. ते मला घेऊन तसेच बडनेऱ्याच्या रस्त्याला लागले. नजर पोचेल तिथवर कापसाच्या गाड्या, प्रत्येकीवर सारखेच बोरे. काका एकेका गाडीवानाला हात जोडत होते.

“काका, कोनता खोलू?” एक जण म्हणाला. “तुमीच सांगा.”

 काका रस्त्याच्या कडेला बसले.

“काहून रडून राहिली? भिजू नये म्हनूनच ठेवलं ना तूनं?” एवढंच बोलले. दोन थपडा दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

मग ते आठवून आठवून सगळं पुन्हा लिहायला बसले. बरंच आठवलं. लढाईनंतर तो शिपाई जखमी होऊन पडला होता, तिथे मात्र बोरू अडला.

“तू होती ना तवा? पानी कोनं पाजलं होतं?”

मी होते. खांबाआड चिंचोके खेळत होते. एक अक्षर ऐकलं नव्हतं. काका वाट पाहत होते.

“एक बाई होती,” मी म्हटलं. “इहिरीवरची. तिनं लुगड्याचा पदर भिजवला अन् त्याच्या तोंडात पिळला.”

त्यांनी बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. मग लिहिलं.

तिकडची लढाई संपली, इकडचा बाजार बसला. अकोल्याला कोणा सरकीवाल्याकडे कापसात कागद सापडले, असं कोणीतरी म्हणालं. काका निघाले. वाटेतच तापानं गेले. दप्तराला नंतर वाळवी लागली. नव्या कागदावरचं म्हणून नातेवाइकांनी नको म्हटलेलं हे पुन्हा लिहिलेलं एक गाठोडं माझ्याकडे आलं.

परवा बडनेऱ्याचा एक तरुण मास्तर ते वाचायला आला. वाचता वाचता विहिरीवरच्या बाईपाशी आला आणि थांबला. डोळे पुसले.

“आजी, या बाईचं नाव कुठं मिळन? हे छापायलाच पाह्यजे.”

सुनेचं खोटं मी तिनं तोंड उघडायच्या आत ओळखते. माझं स्वतःचं ते जुनं खोटं मात्र काही कबूल करवेना. 

“हात दाखव, बापू,” मी म्हटलं. “कागदाले घाम लागून राहिला.”