कूलरपुढचं निळं फूल

हसणार नसाल तर सांगतो. हसलात तर हातातला चहा काढून घेईन. त्या गोष्टीचा राग अजून माझ्या डोक्यातून उतरलेला नाही.

मागच्या वर्षी आम्ही वणीची काही दुकानदार मंडळी हिमालयात फिरायला गेलो होतो. पार वर, बर्फ वितळतो तिथल्या कुरणात, एक निळं फूल पाहिलं. इतकं निळं की मला संतापच आला. आमच्याकडे कोळशाच्या ट्रकांपायी सकाळी घातलेला पांढरा शर्ट दुपारपर्यंत पांढरा राहत नाही, आणि इथे बघायला कुत्रं नाही तर हे फुलतंय! खाली गाड्या थांबतात तिथे एक जण त्याचंच बी विकत होता. घेतलं. माझं स्वतःचं कृषी केंद्र आहे, बी-बियाणं विकता विकता केस पिकले. मला कोण शिकवणार?

विकणारा म्हणाला होता, याला आधी थंडी लागते. म्हणून ओल्या वाळूत घालून डबा फ्रिजमध्ये ठेवला. माझ्या बायकोने, शोभाने, त्या डब्यावर लोणच्याची बरणी ठेवली. भांडण झालं. तिने डबा खाली सरकवला, पुन्हा झालं. उन्हाळ्याच्या तोंडावर शेतातली काळी माती आणून बी कुंडीत लावलं, आणि काय सांगू, कोंब आला!

मग मे महिना लागला. वणीचा मे म्हणजे तुम्हाला ठाऊकच आहे. घरात कूलर एकच. कुंडी त्याच्यापुढे नेऊन ठेवली.

"अन् आमी?" शोभाने विचारलं.

"तुमी वणीतच जन्मले. ते बर्फातलं होय."

पानांवर कोळशाची धूळ बसली की मी ओल्या कापसाने एकेक पान पुसायचो. पानांवर बारीक लव होती. येईल त्याला दाखवायचो, बघा, थंडीतलं झाड, अंगावर लोकर घेऊनच जन्मलं.

त्यातच माझ्या मुलीची, प्रणालीची, सोयरीक निघाली. मुलगा मुकुटबनचा, तिच्या स्वतःच्या पसंतीचा. त्याचे वडील दादाराव, कपाशी-तुरीचे शेतकरी, बोलणी पक्की करायला आमच्याकडे येणार होते. सकाळपासून शोभाचं एकच चाललं होतं, "आज जीभ आवरा जी. पोरीचा जीव अडकला त्या घरात." प्रणाली नुसती माझ्याकडे बघत होती, आणि मला त्याचाच जास्त त्रास होत होता.

आवरली की जीभ. दादाराव आले, पोहे झाले, चहा झाला. त्यांना उकडत होतं म्हणून ते कूलरकडे सरकले, थेट कुंडीशेजारी. मुहूर्ताची गोष्ट चालली होती. आणि बोलता बोलता, माझ्या तोंडाकडे बघतच, त्यांनी बाजूला हात घातला, झाड मुळासकट उपटलं आणि दारातल्या चपलांवर फेकलं. बोलणं थांबलं नाही त्यांचं. जन्मभर निंदण करणारा हात तो, तण दिसलं की मालकाला विचारत नाही.

"हे काय केलं तुमी?" मी उभा राहिलो.

"काय केलं?"

"हिमालयातलं झाड होतं ते."

दादारावांनी चपलांकडे पाहिलं. "ते होय? भाऊ, ते तं…"

"बोलू नका. दुसऱ्याच्या घरचं एक झाड ज्याले जपता येत नाही, तो माही पोरगी काय जपन?"

झालं. दादाराव उठले. शोभाला नमस्कार केला, मला केला नाही, निघून गेले. प्रणालीने आतून दार लावून घेतलं.

"झालं समाधान?" शोभा म्हणाली. मी उलट तिच्यावरच ओरडलो.

झाड ओल्या फडक्यात गुंडाळलं आणि तसाच धुमसत दुकानात गेलो. गल्ल्यावर ठेवलं. एक ओळखीचं गिऱ्हाईक आलं, फडक्यात डोकावलं.

"शेठ, कंबरमोडी कायले बांधून ठेवली? पोस्टरशी जुळवून राह्यले का?"

"कोणत्या पोस्टरशी?"

त्याने माझ्या डोक्यामागे बोट दाखवलं. माझ्या खुर्चीमागे तणनाशकाचं पोस्टर आहे, 'या तणांपासून पीक वाचवा' असं लिहिलेलं. वर्षानुवर्षं मी त्याच्याकडे पाठ करून बसतो. वळून पाहिलं. वरच्या ओळीत, मधोमध, कंबरमोडी. लोकरीसकट.

अहो, जिचा पाला आम्ही लहानपणी फुटलेल्या गुडघ्यावर चोळायचो, ती! शेताच्या धुऱ्यावर, बांधावर पाय ठेवायला जागा देत नाही, ती! हिमालयाचं बी मातीतच कुजलं होतं, आणि शेतातल्या मातीबरोबर आलेलं तण मी कूलर लावून वाढवत होतो. मला त्या बीवाल्याचा राग आला, गिऱ्हाइकाचा आला, पोस्टर छापणाऱ्याचासुद्धा आला. स्वतःचा यायला संध्याकाळ झाली.

दुसऱ्या दिवशी मुकुटबनला गेलो. शोभा सोबत होती, आणि प्रणालीही. "तुमचा भरवसा नाही बाबा, मीच येतो," म्हणाली. दादारावांसमोर हात जोडले आणि सगळं सांगितलं, फ्रिज, कापूस, कूलर, पोस्टर. त्यांनी मान खाली घालून ऐकलं. हसले नाहीत.

"भाऊ," शेवटी म्हणाले, "जो माणूस कंबरमोडीले कूलर लावते, त्यानं पोरीले किती सुखात वाढवलं असन. आमच्या घरी तिले एवढं सुख भेटन का, मले तं याचीच धास्ती वाटून राह्यली."

माझा ऊर भरून आला. मी काही बोलणार, तेवढ्यात प्रणाली म्हणाली, "त्याची धास्ती नका घेऊ मामाजी. मी अन् आई गच्चीवर झोपत होतो."

तेव्हा मात्र ते हसले. इतके हसले की मला पुन्हा राग आला, पण या वेळी गिळला.

साखरपुड्याला मुकुटबनहून नवा कूलर आला, शोभाच्या नावाने. मी त्याच्यापुढे जाऊन बसलो की ती अजून विचारते, "काहून जी, तुमी बर्फातले होय का?"